कूलरच्या हवेतलं रुखवत

नागपूरच्या लकडगंजात रुपरावांची लाकडाची टाल, म्हणजे वखार, होती आणि टालेच्या मागं घर. घराच्या मागं पडवी, पडवीवर टिनाचे पत्रे, आणि त्या पत्र्यांखाली त्यांची थोरली बहीण यमुताई. चूल तिथंच, पाटा-वरवंटा तिथंच, गव्हाची पोती तिथंच, आणि पोत्यांच्या आडोशाला तिची गोधडी. रामटेककडच्या एका खेड्यात तिला दिली होती. नवरा तापानं गेला, सासरच्यांनी तेरावं होताच बैलगाडी जुंपून दिली, आणि रुपरावांनी बहिणीला घरात घेतलं. घेतलं म्हणजे मोठंच काम केलं, असं सारा मोहल्ला म्हणायचा. यमुताई स्वतःही म्हणायची. न म्हणून करते काय!

पण बाईच्या हाताला काय गुण होता, बघा! गहू भिजवावा तर तिनं, चीक काढावा तर तिनं. तिच्या कुरोड्या, तुमच्या कुरडया त्या, गच्चीवरच्या खाटेवर वाळल्या की पांढऱ्याशुभ्र, उचलल्या तर खळखळ वाजायच्या, आणि तेलात टाकल्या की कढई भरायची. काडीवर वळलेले सरगुंडे, मुंगवड्या, पापड, सारं तसंच. चैत्र लागला की मोहल्ल्यातल्या बाया पडवीच्या दाराशी यायच्या. "यमुताई, आमच्या घरी कधी येता वं?" पहिली कुरोडी मुहूर्ताची, ती सवाशिणीनं टाकायची. सवाशीण हळदीकुंकू लावून एक कुरोडी टाकायची आणि सावलीत जाऊन बसायची. बाकीच्या साऱ्या यमुताईनं टाकायच्या, भर उन्हात, डोक्यावर ओला पदर घेऊन. त्याचं तिला काही वाटत नव्हतं. जगात आपली गरज कुठंतरी आहे, एवढंच तिच्यापाशी होतं आणि ते तिला पुरत होतं.

मग आला कूलर. आणीबाणी उठली त्याच्या पुढच्या सालची गोष्ट. रुपरावांनी टालेतल्या सागवानाची चौकट करून दिली, लोहाराकडून पत्र्याचा डबा ठोकून घेतला, तीन बाजूंनी खसच्या, म्हणजे वाळ्याच्या, ताट्या बसवल्या आणि बैठकीच्या खिडकीत ते धूड चढवलं. नागपूरचा मे महिना तुम्हाला सांगायला नको. दुपारी रस्त्यावर कुत्रं दिसत नाही. आणि बैठकीत हा असा गार, वासाचा वारा! जेवणं झाली की रुपराव, त्यांची बायको प्रेमलता, पोरगी गोपिका, आलेगेले पाहुणे, सारे बैठकीत पसरायचे. यमुताईला कोणी ये म्हटलं नाही. येऊ नको असंही कोणी म्हटलं नाही हो, तेवढी माणसं वाईट नव्हती. ती कोणाच्या आठवणीतच नव्हती. मात्र कूलरमधलं पाणी संपलं की आतून हाक यायची, "बाई, पाणी टाका ना जरासं!" आणि यमुताई बादली घेऊन बाहेरच्या अंगणातून, उन्हातून, खिडकीपाशी जायची. ताट्यांवर पाणी ओतायची. वारा सारा आत जायचा. बाहेरच्या बाजूला पंख्याची घरघर आणि पायावर उडालेले चार थेंब, एवढंच तिच्या वाट्याला.

दुसऱ्या वर्षी गोपिकाचं लग्न ठरलं. मुलगा काटोलचा, संत्र्याचे बगीचे, घरचं दांडगं. लग्न मे सरता सरता, ऐन नवतप्यात, सालातल्या सगळ्यात तापत्या नऊ दिवसांत. गोपिका म्हणजे यमुताईचा जीव. न्हाऊमाखू हिनंच घातलेलं, पडवीतल्या गोधडीवर मांडी टाकून निजवलेलं. तेव्हा रुखवताचं वाळवण असं करायचं की काटोलच्या बायांनी तोंडात बोट घालावं, असं तिनं मनाशी धरलं. चैत्रापासून राबली. पाट्याच्या पाट्या भरल्या, वर धुतलेलं धोतर बांधलं, वरून जिलेटीनचे रंगीत कागद गोपिकानं चिकटवले. एकदा रुखवत बांधलं की ते वऱ्हाड उतरतं त्या जानोशाच्या घरीच उघडायचं, मधे डोकावायचं नाही, नजर लागते. हा त्या घरातला रिवाज.

पाट्या पडवीतच राहिल्या असत्या तर काही झालं नसतं. पत्र्याखाली भट्टी पेटल्यासारखी असायची, पण वाळलेल्या जिनसाला आच काय करणार? वर्षानुवर्षं तिचं वाळवण त्या भट्टीत आषाढापर्यंत राहायचं आणि पावसाळा लागला की कडुलिंबाचा पाला टाकून डब्यात जायचं. हे तिला पाठ होतं. पण माणसाच्या मनाला एकदा ओढ लागली की पाठ असलेलंही पुसलं जातं. एका दुपारी पाणी ओतून ती पडवीत आली, अंगाची लाही झालेली, आणि तिच्या मनात आलं की या पाट्या जर बैठकीत असत्या, तर त्या राखायला कोणीतरी लागलंच असतं.

"प्रेमलता," ती दुसऱ्या दिवशी म्हणाली, "पत्र्याखाली रुखवत तापून राहिलं वं. कुरोड्या तडकतीन. काटोलवाल्यांसमोर चुरा न्यायचा का?"

"मंग कुठं ठेवता, बाई?"

"थंडाव्यात ठेवू. बैठकीत, कूलरच्या अंगाले. अन उंदीर लय झाले टालेत. मी बसते ना राखत."

प्रेमलतानं क्षणभर तिच्याकडं पाहिलं. पण लग्नाचं घर, काटोलचा धाक. "तुमच्यापेक्षा जास्त कोणाले समजते?" ती म्हणाली. झालं! पाट्या बैठकीत आल्या, कूलरच्या तोंडाशी रांगेनं लागल्या, आणि त्यांच्या मागं भिंतीला टेकून यमुताई बसली.

त्या पहिल्या दुपारी ती काय झोपली! वारा लागला तसे तिचे डोळे भरून आले, आणि मग मिटले ते चहाच्या वेळेपर्यंत. घामोळ्यांची आग विझली. खसचा वास नाकात, तोंडात, पदरात. आंधळा मागतो एक डोळा, तसं तिचं झालं. लग्नापर्यंत रोज ती दुपारी पाट्यांपाशी यायची, मधूनच धोतरावर हात ठेवायची. धोतर गार लागायचं. तिला बरं वाटायचं, की कसं थंडाव्यात आहे माझं रुखवत! गार आणि ओलं यात फरक असतो हे पावसाळ्यात तिला कोणी झोपेतून उठवून विचारलं असतं तरी तिनं सांगितलं असतं. पण मे महिन्यात, नागपुरात, ओल कोणाच्या मनात येते? अन त्या खसच्या वासापुढं दुसरा कोणता वास येणार होता!

लग्नाच्या आदल्या दिवशी वऱ्हाड काटोलहून उतरलं. जानोसा जवळच्या धर्मशाळेत दिला होता. बायका डोक्यावर रुखवत घेऊन, गोपिकाला मधे धरून, गात गेल्या. यमुताई मागून, चार हात अंतर ठेवून गेली, आणि धर्मशाळेच्या दाराशी खांबाआड उभी राहिली. आपल्या कुरोड्या पाहून त्यांचे चेहरे कसे होतात तेवढं तिला पाहायचं होतं. गोपिकाची सासू रुखमाबाई मधोमध बसली होती, आडव्या हाडाची, ठसठशीत कुंकवाची. प्रेमलतानं पहिल्या पाटीची गाठ सोडली आणि धोतर बाजूला केलं.

कुरोड्यांवर हिरवी-करडी बुरशी चढली होती. लव फुटल्यासारखी. दुसऱ्या पाटीतले सरगुंडे एकमेकांना चिकटून गोळा झाले होते. पापड उचलला तर मोडेना, वाकला. गाणं म्हणणाऱ्या बायका मधेच थांबून पाटीत डोकावल्या.

"कोणाच्या हातचं हाय हे?" रुखमाबाईनं विचारलं.

प्रेमलता धोतर पुन्हा वर ओढायला लागली. पण बाया गप्प राहतात का कुठं? कोणीतरी बोललंच, "मुलीच्या आत्याच्या हातचं." आणि कोणीतरी, हळूच पण साऱ्यांना ऐकू जाईल असं, जोडलं, "विधवा हाय ती."

"अगं माय!" काटोलची एक म्हातारी बोटं मोडत म्हणाली. "पांढऱ्या कपाळाचा हात लागला रुखवताले. जिनसं सडली, आता संसाराचं काय होते मालूम नाही."

यमुताईनं गोपिकाचा चेहरा पाहिला. पोरीनं ओठ दाताखाली धरला होता. यमुताईला सारं पुढचं दिसलं. उद्या काटोलात गाय मेली, पीक गेलं, कूस उशिरा भरली, की बोट याच पोरीकडं वळणार. अपशकुन घेऊन आलेली. जन्मभर! ती खांबाआडून निघाली, बायकांच्या मधून सरळ पाटीपाशी आली आणि वाकून वास घेतला. बुरशीच्या आत खसचा वास होता.

"हातानं नाही झालं हे," ती म्हणाली. मग मोठ्यानं पुन्हा म्हटलं. "माझ्या हातानं नाही झालं. कूलरच्या ओलीनं झालं."

"कूलर?" रुखमाबाई म्हणाली.

"मीच पाट्या कूलरपाशी ठेवल्या. पत्र्याखाली तडकतीन असं मी खोटं सांगितलं. काहीच तडकत नसते. मले..." ती थांबली. साऱ्या तिच्याकडं पाहत होत्या. "मले हवेत झोपायचं होतं. उन्हात जीव जाऊन राहिला होता. म्हणून ठेवल्या. पोरीचा काही दोष नाही वं माय, तिच्यावर काही धरू नका."

रुखमाबाईनं एक कुरोडी उचलली, बोटांनी दाबली, हुंगली. संत्र्याच्या घरची बाई ती. ओल्या गवतात बांधलेल्या पेटाऱ्यात संत्री आतून कशी जातात हे तिनं जन्मभर पाहिलेलं. "ओलच हाय ही," ती म्हणाली आणि मग एकदम हसायला लागली. पोट धरून हसली. "अवं, बाईले हवा खायची होती! अन मी म्हणलं का करणी-बिरणी हाय!" ती हसली तशा साऱ्या हसल्या. म्हातारीही हसली. पाट्या उचलून बाजूला ठेवल्या, चहा आला, गाणं पुन्हा सुरू झालं. लग्न थाटात लागलं. गोपिकाच्या कपाळी अपशकुनाचा डाग लागला नाही, आणि यमुताई रडली ती आनंदानंच रडली, हे खरं.

पण घर फिरलं. पाहुणे गेले, मांडव उतरला, आणि प्रेमलता बोलायला लागली. ती एरवी वाईट बोलणारी बाई नव्हती. यमुताईच्या हाताला अपशकुन असता तर ती पदर डोळ्याला लावून म्हणाली असती, नशीबच फुटकं बाईचं, काय करणार! तिनं चार शिव्या देवाला घातल्या असत्या आणि यमुताईला जेवायला वाढलं असतं. हे मात्र तिला गिळता आलं नाही.

"एवढी वर्षं खाऊ घातलं, ल्यायले दिलं. खाल्ल्या घरचे वासे मोजले बाईनं. खोटं बोलून आमच्या बैठकीत लोळत होत्या! अन वर चारचौघींत सांगतात, उन्हात जीव जाऊन राहिला होता. म्हणजे आम्ही काय बाईले जाळून राहिलो होतो?"

रुपराव पान चघळत टालेकडं निघून गेले. एकदा फक्त म्हणाले, "ताई, मागितलं असतं तं मी नाही म्हटलं असतं का?" यमुताईला वाटलं, म्हणावं, की तू दिसत होतास गा मले, खिडकीच्या आत, मी बाहेर पाणी ओतत होते तेव्हा. पण ती म्हणाली, "चुकलंच माझं." भावाच्या दारात राहणाऱ्या बाईला दुसरं काय म्हणता येते?

मोहल्ल्यालाही विषय मिळाला. पाणी भरायला गेली की बाया म्हणायच्या, "काय यमुताई, हवा कशी काय हाय आज?" पुढच्या चैत्रात बोलावणी आली, नाही असं नाही, पण आधीपेक्षा कमी. आली तिथंही घरची सवाशीण शेजारी बसून राहायची, यमुताईनं पाटीवर बांधलेली गाठ सोडून पुन्हा पाहायची. ज्या हाताकडं कोणी कधी पाहिलं नव्हतं, त्याच्यावर आता पहारा बसला.

तरी तिनं गोपिकासाठी केलंच. पोर उन्हाळ्यात माहेरी येणार होती. यमुताईनं निवडून निवडून कुरोड्या केल्या, कडकडीत वाळवल्या, झाकणाला चिंधी लावून डब्यात बंद केल्या. गोपिका आली, अंगानं भरली होती, हातात बिलवर होते. सुखात होती. यमुताईनं तिच्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली. जाण्याच्या दिवशी डबा पुढं केला.

"नको आत्या," गोपिका म्हणाली. "सासूबाईनं यंदा घरीच केल्या."

"असू दे ना. काही होत नाही याले. पाहा, कशा वाजतात."

गोपिकानं डबा हातानं मागं सारला. मग दाराकडं पाहिलं, आई आत होती. "तुले खरं सांगू का? तिकडं मले सारे अजून हसतात. हवावाल्या आत्याची भाची म्हणतात. कूलर लावला तं नणंद म्हणते, वहिनीले अगोदर बसू द्या वं, यांच्या घरी हवेची तंगी हाय. सासरे बी हसतात."

यमुताई डबा धरून उभी राहिली. "मंग काय म्हणायले पाहिजे होतं वं मी? ते तुले अपशकुनी म्हणत होते."

"म्हणू द्यायचं होतं," गोपिका म्हणाली. "चार दिवसांत विसरले असते. तुले कोणी विचारलं होतं मधे बोलायले?"

बाहेर रिक्षा उभी होती. गोपिका वाकून तिच्या पाया पडली, रीतीप्रमाणे, आणि काटोलच्या गाडीची वेळ झाली म्हणून लगबगीनं निघाली. यमुताईनं आशीर्वाद दिला. डबा तिच्या काखेतच राहिला.