मला सुतक नव्हतं

नवऱ्याने सोडल्याचं दुःख मी कधीच पचवलं. सासूने सोडल्याचं अजून घशात अडकून आहे.

तो गोव्यात हॉटेलात कामाला होता. तिथे त्याचं दुसरीबरोबर जमलं आणि त्याला मोकळं व्हायचं होतं. "नुसती सही कर गो. घर तुझाच, आये तुझीच. माका फक्त कागद होयो," म्हणाला. ओरोसच्या कोर्टात मी संमतीच्या घटस्फोटावर सही केली. बाहेर पायऱ्यांवर सासूने माझा हात धरून त्याला सुनावलं, "तुझी बायल नाय ऱ्हवली तरी माझी सून आसा!" त्या एका वाक्यावर मी खुळी कित्येक वर्षं जगले. तिचं न्हाणंधुणं, दम्याचे पंप, कुरकुर, सगळं माझ्याकडे. लेक फोनवर गोड बोलायचा आणि दिवाळीला काजूगर पाठवायचा. दुरून डोंगर साजरे.

पुढे तिची फुप्फुसं कामातून गेली. शेजारची एक म्हातारी नाकातोंडात नळ्या घालून मेलेली तिने पाहिली होती. तेव्हापासून एकच धोशा: माका नळये लावू नुकात, माका घरात मरांदेत. गावातला वकील म्हणाला, हे आता कायद्याने लिहून ठेवता येतं, दोन साक्षीदार घ्या आणि नोटरीकडे जा. सासू खो खो हसली. "देवापरास नोटरी मोठो काय रे?"

आमच्याकडे कोंबडी हरवली तरी देवळात गाऱ्हाणं घालतात. तिने नारळ नेला. देवळाच्या मानकऱ्यांनी देवापुढे उभं राहून खणखणीत आवाजात घातलं, "बा देवा म्हाराजा, ह्या म्हातारेक नळये लागांक देव नुको! सुनेच्या हातचा पाणी पिवन घरातच तिचे डोळे मिटांदेत!" जमलेले सगळे प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा!" म्हणाले. मुद्दाम गोव्याहून बोलावलेला लेकही त्यात होता, आणि सगळ्यात मोठा आवाज त्याचाच. झालं, आता कागद कशाला? मलाही तसंच वाटलं.

गेल्या उन्हाळ्यात तिला दम आवरेना, म्हणून दवाखान्यात नेली. मागोमाग लेक आला, गाडीत मानकऱ्यांना घेऊन. डॉक्टर म्हणाले, "आता बरं होणं नाही. मशीन लावायचं, की घरी नेऊन ऑक्सिजन आणि दम कमी वाटायचं औषध द्यायचं, ते ठरवा." मी म्हटलं, घरी. तो डॉक्टरांना म्हणाला, "या आमच्या कोणी लागत नाहीत. आमचा घटस्फोट झालाय. मी मुलगा आहे, मशीन लावा. आईला तशीच मारली म्हणतील लोक." मी गाऱ्हाण्याचं सांगितलं आणि मानकऱ्यांकडे पाहिलं. ते खिडकीबाहेर बघत पुटपुटले, "घरातलो मामलो तुमचो."

डॉक्टर भला माणूस. "तुम्ही दोघंही थांबा," म्हणाले. "पेशंट शुद्धीवर आहे. त्या सांगतील तेच होईल."

मला हसूच फुटणार होतं. मी तिच्या कानाशी वाकले. "आये, सांगा तुम्ही. घराक जावया मां?"

तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. लेकाचा हात दोन्ही हातांत घट्ट धरून ठेवला होता. मास्क जरा सरकवून म्हणाली, "माझो झील सांगात तसा करा."

मरणाच्या दारात माणूस घाबरतं, असं लोक मला समजावतात. मलाही कळतं. मन बदलायचा तिला हक्क होता. घाबरून ती स्वतः मशीन लावा म्हणाली असती, तर मी मुकाट बाजूला झाले असते. पण तिने तिचं मरण उचलून त्याच्या हातात दिलं, आणि गू-मूत काढणारी मी समोर उभी होते. असा संताप मला नवरा गेला तेव्हाही आला नव्हता.

नळी ओढू नये म्हणून तिचे हात पलंगाला बांधले होते. आत फक्त नातेवाइकांना सोडत. मी काचेतून बघितलं. काही दिवसांनी ती तशीच गेली.

तिचे दिवस त्याने घरातच घातले. घर आता त्याचं, म्हणून मी बागेतल्या मांगरात, नारळाची सोडणं आणि लाकडं ठेवतो तिथे, पथारी टाकली. मानकरी येऊन सांगून गेले, "तुका सुतक लागणा नाय गो. सोडचिठ्ठी झाली मां तुझी."

नाही तर नाही. दुसऱ्या दिवशी मासेवाली दिसली, तिला हाक मारून बांगडे घेतले. तीन दगडांची चूल मांडून तळले. वास सुतकाच्या घरापर्यंत गेला असणार. जाऊ दे. जेवायला बसले, तर सवयीने पहिल्या बांगड्याचे काटे काढून मऊ तुकडे वेगळ्या बशीत ठेवत होते. तिला काटे दिसत नसत. लक्षात आल्यावर ती बशी पुढे ओढली आणि ते तुकडेही मीच खाल्ले.