रविवारची डोकेदुखी

माझं डोकं दुखायचं ते फक्त रविवारी, आणि आईला तेवढ्यावरूनच संशय आला. ती सोलापुरात गिरणीत कामाला जायची. रविवारी सुट्टी, म्हणून धुण्याचा ढीग त्याच दिवशी. "कामाचं नाव काढलं की हिचं डोकं उठतंय," ती म्हणायची. सुंठीचा लेपही रागानंच लावायची, कपाळ सोलून निघेल असा. मला खरंच डोळे उघडवत नसत. त्यात खोटारडी ठरल्याचा संताप वेगळाच.

शेवटी तिनं मला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी डोळे, दात, कान सगळं पाहिलं. "चहा देता का पोरीला?" त्यांनी विचारलं.

"आमच्या घरात चहाला कुणी शिवत बी न्हाय," आई म्हणाली. ते खरंच होतं. मला कुणी विचारलंच नाही.

इतर दिवशी आई कामावर गेली की मी समोरच्या तेलुगू विणकरणीकडे असायची. आम्ही पोरं तिला अक्का म्हणायचो. तिच्या मागासाठी कांड्यांवर सूत भरायचं, ती देईल ते खायचं-प्यायचं. तिला मूलबाळ नव्हतं आणि मराठी जेमतेम यायचं. आई तिला 'ती बाई' म्हणायची.

एका रविवारी डोकं धरूनच मी तिच्याकडे पळाले आणि थोड्या वेळानं हसत परत आले. आईचा चेहरा उतरला. "तिच्याकडं गेलं की थांबतंय, घरी ऱ्हायलं की उठतंय. तिनंच काय तरी केलंय. माझी पोर वढून घ्यायलीय." दुसऱ्या दिवशी खाडा करून ती मला राखत घरी बसली. माझं डोकं फुटायचं तेवढं राहिलं होतं. अक्काचं घर आता सुटलं, असंच मला वाटलं आणि रडू आलं.

दुपारी अक्काच दारात आली. पदराखाली वाटी. "रोज पिते. आज नाय आली," ती म्हणाली.

"काय घातलंस ह्यात?"

त्यातला अर्धा चहा अक्कानं स्वतः प्यायला आणि उरलेला पुढे केला. तिचे डोळे भरले होते. मी प्याले, आणि डोकं उतरलं.

आईनं मला परत दवाखान्यात नेलं. सगळं ऐकून डॉक्टर हसले. "सवय लागलीय. एकदम तोडू नका. रोज थोडा कमी करा, दूध वाढवा."

आईनं अक्काची माफी मागितली नाही, मागणाऱ्यातली नव्हतीच ती. "आदी मी चाखणार, मगच पोरीला," एवढंच म्हणाली. रोज कामावरून येताना तिच्याकडे थांबून चाखू लागली. माझा चहा कमी होत होत सुटला. आईचं चाखणं चालूच राहिलं, संशय लई चिवट होता की तिचा.

पुढे अक्का माहेरी गेली. दुसऱ्याच दिवशी आई कपाळाला फडकं आवळून बसली. "उन्हानं असंल," म्हणाली. संध्याकाळी तिनं मला जवळ बोलावलं.

"जा गं, बघ जरा, अक्का आली का."

त्या बाईला आईनं अक्का म्हटलेलं मी पहिल्यांदाच ऐकत होते.