मावशीचे सहा आकडे

चारेक वर्षं मी एका परदेशी कंपनीचं सॉफ्टवेअर फुकट वापरलं, आणि त्याची किल्ली उदगीरजवळच्या एका गावात, माझ्या मावशीच्या स्वयंपाकघरात होती. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला अर्धं माहीत आहे. उरलेलं आता लिहितो.

मी फिक्स्चरची ड्रॉइंग करतो. कारखान्यात एखादा पार्ट मशीनवर चढवला की तो तसूभरही हलू नये म्हणून त्याला पकडून ठेवणारी लोखंडी चौकट लागते, ती फिक्स्चर. चाकणच्या मोठ्या कंपन्यांना माल पुरवणारे भोसरी-तळवड्याचे गाळेवाले मला पार्ट दाखवतात, आणि मी रहाटणीतल्या घरी बसून चौकट कागदावर उतरवतो. कागदावर म्हणायची आपली सवय. पंचविशीत मी खरोखरच बोर्डावर काढायचो. पुढे कॉम्प्युटर आला, पण तिथेही सगळं सपाटच होतं. समोरून, बाजूने, वरून काढायचं आणि आतलं डोक्यात उभं करायचं.

नोकरी गेल्यावर मी घरून कामं घ्यायला लागलो, तेव्हा एका गाळेवाल्याने अट घातली की ड्रॉइंग थ्रीडीतच पाहिजे. मी त्या सॉफ्टवेअरची एक महिन्याची फुकट ट्रायल उतरवून घेतली. गिअरबॉक्सचं एक कव्हर उघडलं, माउस जरासा हलवला, आणि ते अख्खं कव्हर माझ्यासमोर गर्रकन वळलं. मी माउसवरून हात काढून घेतला. इतकी वर्षं जे फक्त माझ्या कवटीत फिरत होतं, ते बाहेर फिरत होतं. कुठेही कापावं, आतलं दिसायचं. तेल जाण्याच्या बोगद्यांतून आत शिरून पलीकडे निघता यायचं. हे कुणी बांधलं असेल, किती माणसांनी किती वर्षं डोकी झिजवली असतील, असं वाटून मला क्षणभर देवळात बोलतात तसं हळू बोलावंसं वाटलं. बायकोला हाक मारली. ती कणकेच्या हातांनी आली.

"छान आहे," ती म्हणाली. "फुकट आहे का?"

"महिनाभर."

"आणि मग?"

मग काय, ते मला माहीत नव्हतं. वर्षाचं भाडं माझी तेव्हाची दोन महिन्यांची कमाई खाऊन टाकणारं होतं. गाळेवाल्याला विचारलं, तर तो हसला.

"विकत? राव, इथं चहा सोडून कुणी काही विकत घेतं का? महिना संपायच्या आत खातं उडवायचं आणि त्याच मोबाइल नंबरवर परत काढायचं. त्याला काय कळतंय."

खरंच कळत नव्हतं. नंबर टाकला की त्यावर सहा आकडे यायचे, ते भरले की दार उघडायचं. वेळेत खातं उडवलं की मी पुन्हा नवा माणूस. एवढा मोठा महाल, आणि मागच्या दारावरचा पहारेकरी दर महिन्याला चेहरा विसरायचा. अट एकच, की वेळ चुकवायची नाही. माझ्या नंबरवर मी ती एकदा चुकवली आणि तो नंबर कायमचा बाद झाला. मग बायकोचा घेतला. तोही दिवाळीच्या गडबडीत गेला.

"आता माझ्या बाबांचा मागू नका," बायको म्हणाली. "ते चार प्रश्न विचारतील आणि तुम्हाला एकाचंही उत्तर देता येणार नाही."

म्हणजे प्रश्न न विचारणारं माणूस हवं होतं. तसं एकच होतं.

माझी शाळा मावशीच्या घरी राहून झाली. तिला मूल नाही. यजमान एसटीत कंडक्टर होते, ते जाऊन बरीच वर्षं झाली. संध्याकाळी ते तिकिटांचा हिशेब जुळवायचे तेव्हा मावशी शेजारी बसून गठ्ठे लावायची. तेवढ्यावर ती इंग्रजी आकडे शिकली. अक्षरं नाही शिकली. तिचा फोन बटणांचा. त्यावर कुणाचं नाव झळकतं ते तिला वाचता येत नाही, आणि ऐकायला कमी येत असल्यामुळे फोनमध्ये सगळे पुरुष तिला एकाच आवाजात बोलतात. आकडे मात्र ती चष्मा लावून बरोबर वाचते. याच नंबरला तिचं बँकेचं खातं जोडलेलं होतं. ते मीच एका सुट्टीत बँकेत जाऊन जोडून दिलेलं. गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी ती रुपया रुपया करून जे साठवत होती, ते सगळं त्यात होतं.

पहिल्यांदा फोन केला तेव्हा मी आधी बरंच इकडचं तिकडचं बोललो. पाऊस, म्हैस, शेजारणीची सून. मग म्हणालो, "मावशी, तुझ्या फोनवर आत्ता एक आकडा येईल. वाचून दाखवतेस का? कामाचा आहे."

"थांब, चष्मा घेते." मग बराच वेळ फक्त भांड्यांचे आवाज. मग म्हणाली, "हं, लिही. लाभ, सात, शून्य, चार, चार, नऊ."

धान्य मोजताना पहिल्या मापाला एक म्हणायचं नाही, लाभ म्हणायचं. आकड्याच्या सुरुवातीलाच एक आला म्हणून ती ज्वारीच्या राशीवर बसल्यासारखी लाभ म्हणाली. मी एक दाबला आणि दार उघडलं. समुद्रापलीकडे कुठेतरी ठेवलेल्या यंत्रांनी उदगीरकडच्या एका चुलीपाशी उच्चारलेला शब्द मान्य केला. मी चोरी करत होतो हे मला तेव्हाही कळत होतं. पण खरं सांगायचं तर त्या क्षणी शरमेपेक्षा थक्क व्हायलाच जास्त झालं.

दर महिन्याला हे चाललं. हळूहळू पाऊस गळाला, म्हैस गळाली. नंतर नंतर माझा फोन म्हणजे, "मावशी, आला का?" आणि तिचं, "थांब." आकडा मिळाला की मी "बरं, ठेवतो" म्हणायचो. पुढच्या काळात तर फोन लावला की रिंग वाजायच्या आधी सरकारी सूचना ऐकू यायची: मोबाइलवर आलेला ओटीपी कुणालाही सांगू नका. ती संपेपर्यंत मी थांबायचो आणि मग ओटीपी मागायचो. एकदा मावशीच म्हणाली, "कुठं फोन लावला की ती बाई मला बी सांगती, कुणाला सांगू नका म्हणून."

"मग?"

"मग काय. तू काय 'कुणी' हाईस का?"

परवडत नव्हतं, हे वाक्य मी पाठ करून ठेवलं होतं. पहिलं दीड वर्ष ते खरं होतं. त्यानंतर आम्ही गाडी घेतली, स्वयंपाकघराला ट्रॉल्या करून घेतल्या, आणि तरी मी महिनाअखेरीला मावशीला फोन लावत राहिलो. सवयीचं झालं होतं, आणि खोटं बोलत नाही, त्यात एक गंमतही वाटायची.

एकदा चाकणच्या एका कारखान्यात माझं फिक्स्चर बसवायचं होतं म्हणून गाळेवाला मला सोबत घेऊन गेला. एरवी मला आत कुणी नेत नाही. शेडच्या आत इतकी लांबी होती की पलीकडचं टोक धूसर दिसत होतं. रोबोटचे पिवळे हात एकामागून एक वाकत होते, आणि मधे, हिरव्या दिव्याखाली, मी घरी लुंगीवर बसून काढलेली चौकट पार्ट गच्च धरून उभी होती. पार्ट आला, चौकट मिटली, भोकं पडली, चौकट उघडली, पुढचा पार्ट आला. ऑपरेटर म्हणाला, "साहेब, मस्त बसलंय, एक पीस रिजेक्ट नाही." मी मान हलवली. तिथल्या शेकडो माणसांत कुणाला माहीत नव्हतं की या सगळ्याची सुरुवात "लाभ" अशी झालेली आहे. माझा ऊर भरून आला, आणि त्याच वेळी चोरून आत शिरल्यासारखं वाटलं. गाळेवाला कानाशी म्हणाला, "काय भाऊ, घाबरला का? तुमचंच पोर आहे ते."

त्यानंतर काही आठवड्यांनी, भर दुपारी, मावशीचा फोन आला. मावशी मला स्वतःहून कधी फोन करत नाही. तिच्या शेजारणीने लावून दिला होता.

"तू मघाशी फोन केलतास का?"

"नाही. का?"

"एकजण म्हणला, मावशी, पुण्याहून बोलतोय, ओळखलं का. मी म्हटलं, भाचा का? तो म्हणला, हाव, भाचाच. म्हणला, आकडा आलाय बघ, सांग. आणि खरंच आलता की."

मी दुचाकीवरून उतरून रहाटणी चौकात एका टपरीपाशी उभा होतो. महिन्यामागून महिने मीच तिला हे शिकवलं होतं. फोन येईल, पुण्याहून येईल, आकडा मागितला जाईल, आणि तू द्यायचास. त्या माणसाला काहीच करावं लागलं नव्हतं. सगळी तयारी मी करून ठेवली होती.

"मावशी, दिलास का आकडा?"

"न्हाई."

ती आपली सावकाश सांगत होती.

"फार गोड बोलायलता रे. मी म्हटलं, गुडघ्यानं उठवंना, चष्मा आणाया येळ लागंल. तर म्हणला, आई गं, लई दुखतो का, औषध घेतीस का, जेवलीस का, जप गं मावशी. मी म्हटलं, हा माझा भाचा नव्हं. माझ्या भाच्याला एवढं विचारायला कुठं येळ असतो. ठिवून दिला फोन."

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं. गाईच्या कानावरचा ठिपका सांगावा तशी ती माझी खूण सांगत होती. मागून शेजारीण म्हणाली, "विचारा की मावशी, तुमचा भाचा कशाला आकडे घेतो ते. मटका खेळतो की काय पुण्यात." मावशी तिला म्हणाली, "खेळू दे की. माझं काय जातंय."

म्हणजे इतकी वर्षं तिला वाटत होतं की मी मटक्याचे आकडे घेतो. तसं वाटत असूनही ती चष्मा शोधत होती, लाभ म्हणत होती.

मी म्हणालो, "बरं केलंस मावशी." आणि फोन ठेवला. त्या वेळी सगळं सांगायला हवं होतं, ते मी सांगितलं नाही. घरी आलो, जेवलो, कॉम्प्युटर उघडला. स्क्रीनवर तिच्याच नंबरवरचं खातं होतं आणि ते मला माझ्या नावाने या, बसा म्हणत होतं.

महिना संपत आला. या वेळी मी खातं उडवलं नाही, ट्रायल संपू दिली आणि माझ्या नावाने वर्षाचं भाडं भरलं. त्यात काही थोर नव्हतं. दोन मिनिटांचं काम निघालं. अवघड होतं ते पुढचं. तिला फोन करायची नेहमीची वेळ निघून गेली होती, आणि आता आकडा नको असताना मावशीला फोन कशासाठी करायचा, हेच मला सुचेना. बायको म्हणाली, "तब्येत विचारा. माणसं एकमेकांना विचारतात."

फोन लावला. सूचना वाजली, कुणालाही सांगू नका. मग रिंग. मग तिचं "हं".

"मावशी, मी. गुडघा कसा आहे?"

पलीकडे पंख्याचा आवाज येत होता.

"जेवलीस का?" मी विचारलं.

"कोण बोलायलंय?" मावशी म्हणाली.

"मी गं. भाचा."

"भाचा म्हणणारे लई झालेत." आवाज शांत होता, पण दार लावून घेतल्यासारखा. "आकडा पाहिजे असंल, तर आला न्हाई."

"आकडा नको मावशी. मीच आहे. शाळेत असताना मी तुझ्याकडे—"

"ते सगळ्या गावाला ठावं हाय." मग म्हणाली, "माझ्या भाच्याला एकच गोष्ट ठावं हाय, जी गावात कुणाला ठावं न्हाई. सांग, तो आकडा कशापायी घेत होतास?"

मी गॅलरीत गेलो आणि दार लोटून घेतलं. खाली मुलं क्रिकेट खेळत होती. मी तिला सांगितलं. लोखंडाचे पार्ट, पडद्यावर फिरणारं चित्र, त्याचं भाडं, ते चुकवायची युक्ती, माझा बाद झालेला नंबर, बायकोचा बाद झालेला नंबर, आणि तू काही विचारणार नाहीस म्हणून तुझा. तुझे बँकेतले पैसे त्याच नंबरला जोडलेले आहेत हे मला माहीत होतं, तरी. गाडी घेतल्यावरही घेत होतो, तेही सांगितलं. तिला किती कळलं माहीत नाही. मी मधे दोनदा थांबलो, आणि दोन्ही वेळा ती "हं" म्हणाली.

सगळं सांगून झाल्यावर तिने विचारलं, "म्हणजे मटका नव्हता."

"नाही."

"आणि आता?"

"आता विकत घेतलंय."

पलीकडे खुर्ची की पाट सरकल्याचा आवाज आला. ती बसली असावी, कारण बसताना ती नेहमी करते तसं तिने हळूच कण्हल्यासारखं केलं.

"बरं," मावशी म्हणाली. "मग आता गुडघ्याचं सांगते, ऐक."