बासीला फोडणी

एका गरोदर बाईच्या बासीला मी लसणाची फोडणी देऊन आणली.

छत्तीसगडातल्या सिलतऱ्याच्या आमच्या कारखान्यात ती प्रयोगशाळेत, मी शेजारच्या स्टोअरमध्ये. तिला तिसरा महिना होता. सकाळी आली की आधी बेसिनवर ओकायची, तोंड धुवायची, ओढणीला हात पुसायची आणि इकडच्या वळणाच्या मराठीत म्हणायची, "गेलं तं गेलं. पुन्हा खाऊ." लगेच ड्रॉवरमधून मूठभर फुटाणे काढायची. मळमळायचं ते बघणाऱ्यांना.

वजन मात्र उतरत होतं. डॉक्टरांनी बजावलं होतं, पुढच्या तपासणीतही घटलं तर भरती व्हावं लागेल. "मी काही खाटेवर पडून नाही राहत," तिने आम्हाला सांगून टाकलं.

एकदा तिचा डबा उघडा दिसला. रात्रभर पाण्यात भिजवलेला भात, वर चिमूटभर मीठ. इथले लोक ही बासी आवडीने खातात, हे मला ठाऊक होतं. पण आमचं घर मूळचं विदर्भातलं. शिळा भात दिसला की कढई चढते. त्यात पोटुशी बाई! तुम्ही असता तर तुम्हीही कळवळला असता. मी पाणी ओतून दिलं, कॅन्टीनमधून भाताला खमंग फोडणी घालून आणली आणि वाफाळता डबा तिच्या नाकासमोर धरला.

ती तोंड दाबून पळाली.

परतली ती डोळे पुसत. "भैया, हे काहून केलं? गरम वासानंच मले उलटी होते. थंड असते म्हणून बासी पोटात राहते. तेवढंच तं राहून राहिलं होतं!"

"मग आता?"

"आता काय! पुन्हा खाऊ." आणि फुटाणे काढले.

दुसऱ्या दिवसापासून मी घरून गार दहीभात, उकडलेला बटाटा, केळी नेऊ लागलो. रिकाम्या पोटी मळमळ वाढते म्हणून ती थोड्या थोड्या वेळाने दोन घास खायची. तिला एकटीला संकोच नको म्हणून मीही खायचो. उलटी आली की ती थांबायची. मी थांबत नसे.

सध्या ती बाळंतपणाच्या रजेवर आहे. प्रयोगशाळा फार शांत वाटते. डोळ्यांसमोर येते ती तपासणीहून परतलेली, दारातूनच ओरडणारी: "वाढलं! भरती कॅन्सल!"

"माझ्या डब्याचा गुण," मी छाती फुगवली.

तिने मला वरून खाली न्याहाळलं. "हव. पण पोट्टं तं माझ्या पोटात आहे न, भैया? मग तुमचा पट्टा काहून तुटून राहिला?"