जेवणावरचा चहा आणि माळ्यावरची कढई

लिहितो लिहितो म्हणत हे इतकं रेंगाळलं, की फिरलो तेव्हा थंडी होती आणि आता खाली गल्लीत आंब्याच्या पेट्या फुटतायत. मधे मित्राची बाईक दुरुस्त केली, कोकणात जाऊन आलो, उगाच लोळलो. आळस, दुसरं काय! सफर तशी छोटीच, गिरगाव ते लालबाग, एका दिवसाची. कुणाला करायची असेल तर सकाळी लवकर निघा आणि दोन मोठ्या पिशव्या घ्या.

निघायचं कारण आई. आमचं घर काळाचौकीला, चौथा मजला, लिफ्ट नाही. आईला दोन जिने चढले की धाप लागायची, पायरीवरच बसायची. शेवटी ती माहीमला मावशीकडे तळमजल्यावर राहायला गेली, मी इथेच एकटा राहिलो. एक दिवस फोनवर म्हणाली, "घर भाड्याने देऊन टाक रे. मी काय आता तिथे चढत नाय." लग्न होऊन ज्या घरात आली, ते घर!

मग मी तिला परळला घेऊन गेलो. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी सगळ्या तपासण्या केल्या. रक्तात लोह कमी. "गोळ्यांनी भरून येईल, पण पुन्हा असं व्हायला नको तर ताट बदला. जेवणानंतर काय घेता?"

"चहा," आई म्हणाली.

"लगेच?"

"हात धुतला की."

आमच्याकडे रीतच ती. आजोबा गिरणीत होते, पाळी गाठायची म्हणून जेवणावरच चहा मारून निघायचे. गिरणी गेली, चहा राहिला. त्यात आई सगळ्यांच्या शेवटी जेवणार, उरलेला भात, आमटीचं पाणी आणि बाजूला कप. डॉक्टर म्हणाल्या, "जेवणातलं लोह हा चहा अंगाला लागूच देत नाही. तासाभराने घ्या. जेवताना लिंबू पिळा." मग माझ्याकडे वळून, "तू काय खातोस?"

"वडापाव."

"मग तुझंही रक्त तपासू."

आई लहानपणी काय खायची तेच परत आणायचं ठरवलं, म्हणून सुरुवात गिरगावातून, तिच्या माहेरापासून. तिची चाळ होती तिथे आता टॉवर उभा राहतोय, हिरव्या जाळीत गुंडाळलेला. शाळेच्या सुट्टीत तिथल्या गॅलरीत मी अळिवाची खीर खायचो, वाटी चाटूनपुसून. मग कोपऱ्यावरच्या दुकानात अळीव मागितले.

"कोण बाळंत झालंय?" काकांनी विचारलं.

"आईसाठी हवेत."

काका चष्म्यावरून बघतच राहिले. लोहाचं सांगितलं तेव्हा हसत सुटले. "अरे मग असं बोल की! नारळाच्या पाण्यात भिजव, गूळ घाल. आणि बाळंतपणाची वाट कशाला बघायची, तूही खा."

दादरपर्यंत बस घ्या, स्वस्तात बसून जाता येतं. मंडईत लाल माठ आणि लिंबं घेतली. मी माठाचे देठ मोडून टाकत होतो, तर भाजीवाल्या मावशी कडाडल्या, "ए राजा, ते काय फेकतोस? देठाची भाजी कधी खाल्ली नाय काय?" खाल्ली होती की! चण्याची डाळ घालून, आईच्या हातची. विसरलोच होतो.

तिथून सरळ लालबागला जायचं, पण मला वाऱ्यावर सुक्या मासळीचा वास आल्यासारखं वाटलं आणि मी वरळी कोळीवाड्यात पोचलो. फेरा पडला, पण पिशवीभर जवळा मिळाला. मासळीतलं लोह अंगाला चांगलं लागतं, असं डॉक्टर म्हणालेल्या. जवळ्याचा वास आल्यावर बसमध्ये शेजारचे उठून गेले. खिडकी मिळाली.

लालबागला शेवटची खरेदी, लोखंडी कढई. त्यात शिजवलं की थोडं लोह जेवणात उतरतं. भाव करण्याआधी आईला फोन लावला.

"वेड्या, घरात आहे ना! माळ्यावर, मागच्या बाजूला. तुझ्या बाबांनी खिळे ठेवलेत त्यात. नॉनस्टिकची फॅशन आली नि ती वर गेली."

खिळे काढले, चिंच लावून कढई घासली, तेल लावून तापवली. बाबा जाऊन वर्षं झाली, पण त्यांच्या पान्याची खूण अजून बुडाला आहे. तेव्हापासून मी रोज कढईत काहीतरी करतो आणि संध्याकाळी डबा घेऊन माहीमला जातो. आई आधी डबा खाते, घड्याळ बघते, मग चहा. मावशी तिला चिडवते, "तासाभराचा उपास गं बाई!" गोळ्या चालू आहेत. भाड्याचा विषय मात्र तिने पुन्हा काढला नाही आणि मीही नाही.

काय उरलं या फिरण्यातून? गिरगावची गॅलरी तर परत येणार नाही. पण तिचा स्वाद आता कढईत आहे आणि मला तो करता येतो. आता हेच टाइप करत होतो, गॅसवर जवळा, आणि कडी वाजली. दूधवाला असेल म्हणून तसाच उठलो.

दारात आई. एकटी, चार जिने चढून आलेली, कपाळावर घाम, पण उभी. मावशीला सांगितलंसुद्धा नाही म्हणे.

"काय करपवतोयस रे?"

गडबडून म्हटलं, "बस, चहा टाकतो."

"जेवायची आहे अजून," चप्पल काढत ती म्हणाली. "आधी वाढ."