नाव घेण्याची अडचण

“बोला, ‘प्रभू येशू माझा तारणारा आहे,’” साहेब तिसऱ्यांदा म्हणाले. गिरजाबाईने पदराचं टोक दातांत धरलं आणि मान आणखी खाली घातली.

वाशीमचं मिशनचं चर्च गच्च भरलं होतं. तेव्हा आम्ही बाशिम म्हणायचो. मी साहेबांच्या डाव्या हाताला पाण्याचं पितळी भांडं धरून उभा होतो. मी मिशनचा कॅटेकिस्ट, नेमणूक रिसोडला. म्हणजे बाप्तिस्मा मागणाऱ्या माणसाला धर्माची शिकवण देऊन साहेबांच्या पुढे उभा करणारा मास्तर. पाणी साहेबांनी शिंपडायचं, आनंद मंडळीने करायचा आणि माणूस तयार करून आणायचा मी, अशी कामाची वाटणी होती.

बाप्तिस्म्याच्या रविवारी आमच्याकडे आनंदाला तोटा नसे. दाराला झेंडूचं तोरण लागे. पेटी-तबल्यावर भजनं होत. मडमसाहेब कॅमेऱ्याच्या काळ्या फडक्यात डोकं घालून आम्हाला हलू नका म्हणत. जुन्या ख्रिस्ती कुटुंबांना तर विशेष आनंद होई, कारण मागच्या बाकावर बसायला कोणीतरी नवं मिळे. शेवटी बुंदी असे. बुंदीच्या आनंदाबद्दल मात्र मला कधीच शंका आली नाही.

साहेबांचा नियम नवा होता, आणि त्यालाही कारण होतं. आधीच्या वर्षी भर उपासनेत साहेबांची मराठी घसरली. देवाला सोडून सैतानावर भरवसा ठेवाल काय, असं त्यांनी विचारलं. सगळे उमेदवार एका सुरात “हो जी” म्हणाले. कोणीतरी ते साहेबांच्या कानावर घातलं. मी नाही. तेव्हापासून नुसतं ‘हो’ बंद. ज्याने त्याने आपल्या तोंडाने प्रभूचं नाव घेऊन विश्वास सांगायचा, नाहीतर पाणी नाही.

गिरजाबाईच्या शेजारी तिचा नवरा उभा होता, कडेवर वर्षाचं पोरगं. रिसोडजवळच्या एका खेड्यातलं हे माळ्याचं कुटुंब. वांगी, मिरची, सांबार म्हणजे आपली कोथिंबीर लावायचे आणि रिसोडच्या बाजारात नेऊन विकायचे. नवऱ्याने आपलं वाक्य खणखणीत म्हटलं होतं. मी त्याच्याकडे पाहिलं, आणि घोटाळा माझ्या लक्षात आला.

त्याचं नाव मी साहेबांना यशवंत म्हणून सांगितलं होतं. मी नगरकडचा. आम्हाला नावं शुद्ध लागतात. पण त्याच्या गावात त्याला यशवंत म्हणून हाक मारली असती तर त्याने वळूनही पाहिलं नसतं. गावाचा तो येसू. जन्मापासून येसू. आणि वऱ्हाडच्या जिभेवर येशू काय अन् येसू काय, उच्चार एकच. गिरजाबाईने चारचौघांत, भर चर्चमध्ये, नवऱ्याचं नाव घ्यायचं होतं. तेसुद्धा तारणारा म्हणून.

“मास्टर, ही स्त्री का बोलत नाही?” साहेबांनी हळूच विचारलं. “हिचा विश्वास नाही काय?”

एक वाक्य पुरलं असतं. साहेब खडूस नव्हते. ते हसले असते, म्हणाले असते, बरं, दुसऱ्या शब्दांत सांगू द्या. पण त्यापुढचा प्रश्न मला दिसत होता: क्लासमध्ये तुम्ही म्हणवून घेतलंत तेव्हा काय झालं?

क्लासमध्ये काहीच झालं नव्हतं. कारण मी तिच्याकडून कधी म्हणवूनच घेतलं नव्हतं. मी मळ्यात जायचो, आंब्याखाली बसायचो, येसूला शिकवायचो. ती वाफ्यांत पाणी वळवत ऐकायची. “हिलेबी येते ना सारं,” येसू म्हणायचा. मी मान डोलवायचो. मग वांग्याचं भरीत, भाकरी, आणि परत. साहेबांना सांगितलं होतं, नवरा-बायको दोघं पक्के तयार आहेत.

“सर,” मी म्हणालो, “ती अजून थोडी कच्ची आहे.”

“ठीक. मग पुढच्या वेळी.”

येसूचा बाप्तिस्मा झाला, पोराचा झाला. मंडळीने गाणं म्हटलं. मडमसाहेबांनी फोटो काढला. त्यात गिरजाबाईला घेतलं नाही, फोटो बाप्तिस्मा झालेल्यांचा होता. पोरगं तिच्याकडे झेप घेत होतं म्हणून फोटोत ते हललेलं आलं. नाव गिरजा आणि अडली गिरजाघरातच, हा विनोद मी त्या आठवड्यात दोघा-तिघांना सांगितला. लोक हसले. मीही हसलो.

गावात कोणी हसलं नाही. भावकीने येसूला वाळीत टाकलं. ते अपेक्षितच होतं, त्याची तयारी त्याने केली होती. गिरजाबाईची तयारी मात्र अशी होती की आपण दोघं एका बाजूला असू. आता गावच्या बायकांसाठी ती बाटग्याची बायको, आणि आमच्या मंडळीसाठी मूर्तिपूजक. प्रभुभोजन बाप्तिस्मा झालेल्यांचंच, म्हणून त्या वेळी तिला उठून दाराशी जावं लागे. तिथे ती पोराच्या चपला राखत बसायची.

मग केनवडहून तिचा भाऊ सखाराम आला. मी नेमका मळ्यातच होतो. त्याने मला रामराम केला नाही.

“तुले गावानं टाकलं, थे ठीक,” तो बहिणीला म्हणाला. “पन सायबानंबी टाकलं? मंग कायले थांबली इथं? चाल घरी.”

“अन् पोरगं?”

“थे बाटलं. थे त्याच्या बापाचं. तू अजून आपली हाय, माय. पंचाईचं मी पाह्यतो.”

“अन् हे?”

“त्याले सायेब हाय ना.”

ती वांग्याची फांदी उगाच सरळ करत राहिली. “सायबाची खेप अजून एकदा हाय,” शेवटी म्हणाली. “थोवरक थांब, दादा.”

“बरं. थांबतो. त्या खेपेलेबी नाही झालं तं मी दमनी जुंपूनच येतो.”

तो गेल्यावर येसू माझ्याशेजारी येऊन बसला. “मास्तर, एक इचारू? रागाऊ नका. थे पानी परत काढून घेता येते काय?”

“बाप्तिस्मा परत घेता येत नाही, येसू.”

“नाही, मी आपलं इचारलं. म्हंजे हे एकटी जाऊन राह्यली म्हनून.”

मी कामाला लागलो. दोष मान्य न करता तो दुरुस्त करायचा, हे ऑफिसात काम करणाऱ्या कोणालाही समजावून सांगायला नको. पहिला उपाय मला वाटेतच सुचला. बाप्तिस्म्यानंतर काही जण नवं नाव घेत. येसूला स्तेफन करून टाकायचं, म्हणजे येसू हे नाव मोकळं होईल. मी तो बेत गिरजाबाईला समजावला. तिने नीट ऐकून घेतलं.

“मानूस तोच ना, मास्तर?”

“माणूस तोच.”

“मंग उद्या तुमी त्याले काहीबी म्हना. मी ज्या नावाच्या मानसाच्या घरी आली, थे नाव माया तोंडून कसं निंघन? अन् मंग थे तुमचं नवं नावबी घेता येनार नाही. एकाच्या जागी दोन झाले.”

दुसरा उपाय, येशू न म्हणता ख्रिस्त म्हणायचं. साहेबांना ते चालवून घ्यायला लावू, असा माझा होरा. ती तयार झाली. दोन-तीनदा मनात घोळवलं आणि मोठ्याने म्हणाली, “माया किस्तावर इस्वास हाय.”

येसू खाली मान घालून खोकल्यासारखं करू लागला. किस्त म्हणजे सरकारी साऱ्याचा हप्ता. तहसीलचा शिपाई ज्यासाठी दारात येऊन बसतो, तो.

“किस्त नाही, बाई. ख्रिस्त.”

“थेच म्हनून राह्यली ना मी. किस्त.”

“तिच्या इस्वासाचं पाटलाले सांगा, मास्तर,” येसू म्हणाला. “लई खूश होईन.”

तीही हसली. पुष्कळ दिवसांनी हसली असावी. मग डोळे पुसत म्हणाली, “मले सारं येते, मास्तर. मनात रोज म्हनते मी. तुमी तवा एकदा इचारलं असतं तं मी सांगतलं असतं, हे एवढं नाव मले जमनार नाही म्हनून.”

तिने ते तक्रार म्हणून सांगितलं नाही. म्हणूनच मला तिथून लवकर निघावं लागलं.

मी कमी बोलणारा माणूस. पण त्या दिवशी जेवताना बायकोला सगळं सांगितलं. ती मिशनच्या मुलींच्या शाळेत शिकलेली. माझ्यापेक्षा बायबल तिला जास्त पाठ.

“लग्न झाल्यापासून मी तुमचं नाव किती वेळा घेतलं?” तिने विचारलं.

“लग्नात एकदा. तेही बायकांनी दार अडवलं म्हणून.”

“आपल्या घरी तीन पिढ्यांचं बायबल. आणि त्या माळ्याच्या पोरीने दोन महिन्यांत सुधारावं?”

“ते मला कळलंय.”

“कधी कळलं?”

मी ताटाकडे पाहिलं.

“तिथेच कळलं होतं ना? मग साहेबांना सांगा.”

“सांगतो.”

“कधी?” असं तिने विचारलं नाही. तिला माहीत होतं. साहेब दौऱ्यावर निघण्याआधी मी त्यांना दोनदा भेटलो. दोन्ही वेळा शाळेच्या पत्र्यांबद्दल बोललो.

पुढची उपासना रिसोडच्या आउटस्टेशनला होती. आउटस्टेशन म्हणजे मिशनची बाहेरगावची शाखा: एक खोली, वर पत्रे, समोर विहीर. झेंडू होता, पेटी होती, बुंदी होती. आनंदाची सगळी सामग्री वेळेवर पोचली होती. फाटकाशी सखारामची दमणी उभी होती, बैल जुंपलेलेच. तो आत आला नाही. दाराच्या चौकटीला टेकून उभा राहिला, खांद्यावर आसूड. आतला प्रत्येक शब्द त्याला ऐकू जात होता. येसू पोराला घट्ट धरून पुरुषांच्या बाजूला बसला होता आणि साहेबांकडे न पाहता दाराकडे पाहत होता.

साहेबांनी पहिले प्रश्न विचारले. गिरजाबाईने नीट उत्तरं दिली. मग ते म्हणाले, “आता आपल्या मुखाने प्रभूचं नाव घेऊन सांगा.”

तिने पदराचं टोक धरलं. दाराशी सखारामने आसूड एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतला.

मी उठलो. खरंच उठलो. घसा साफ केला. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मंडळीने पाहिलं. मी पेटीजवळ गेलो, भाता नीट लागला आहे का ते पाहिलं, आणि परत येऊन बसलो.

तेव्हा बायकांच्या बाजूने माझी बायको शांतपणे म्हणाली, “गिरजाबाई, नाव घ्या.”

साहेबांनी संमतीची मान हलवली. त्यांना ते भक्तीचं बोलणं वाटलं. पण खोलीतल्या प्रत्येक बाईला कळलं की हे कसलं नाव घेणं आहे. कोणीतरी मागून म्हणालं, “घे ना वं.” दुसरी म्हणाली, “लाजते कायले, घे.” एक म्हातारी तर सरसावून बसली, लग्नात बसतात तशी.

गिरजाबाईने पदर सोडला, डोक्यावरून सारखा केला. एकदा दाराकडे पाहिलं. मग म्हणाली:

“मोटेचं पानी पाटानं वाह्यते,
येसूचं नाव घेते, अन् त्याच्याच घरी राह्यते.”

बायकांनी गलका केला. येसूचे कान लाल झाले. त्याने पोराच्या पाठीमागे तोंड लपवलं. साहेब क्षणभर गोंधळले, मग त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. “मास्टर, हे कोणतं गीत?” त्यांनी विचारलं.

“हिचं स्वतःचं आहे, सर,” मी म्हणालो. त्या संबंध प्रकरणात मी साहेबांना सांगितलेलं हे पहिलं खरं वाक्य.

बाप्तिस्मा झाला. मी दाराकडे पाहिलं तेव्हा सखाराम तिथे नव्हता. तो विहिरीवर बैलांना पाणी पाजत होता. बुंदी त्याने घेतली नाही, तो बाटला असता. मिशनच्या विहिरीचं पाणी बैलांना मात्र चाललं. बहीण जवळ गेली तेव्हा तो म्हणाला, “मले सुनावलं ना तू? ऐकलं मी.” आणि दमणी रिकामीच घेऊन केनवडला गेला. पुढच्या संक्रांतीला त्याने तिच्याकडे तीळ पाठवले. स्वतः यायला मात्र त्याला आणखी काही वर्षं लागली.

या उपासनेची तारीफ साहेबांनी सगळीकडे केली. एका अडाणी स्त्रीने प्रभूवर स्वतः काव्य रचलं, आणि हे घडलं मास्टरांच्या चिकाटीमुळे. माझी बदली बाशिमच्या मुख्य ठाण्याला झाली. साहेब कायमचे मायदेशी निघाले तेव्हा स्टेशनवर माझा हात धरून म्हणाले, “मास्टर, जी बोलत नव्हती तिला तुम्ही बोलतं केलंत.”

मी “थँक यू, सर” म्हणालो. माझ्या बायकोने ते शेजारी उभं राहून ऐकलं. त्यानंतर तिने तो विषय कधीच काढला नाही. काढला असता तर बरं झालं असतं, असं मला अजून वाटतं.

गिरजाबाईला मी एकदा विचारलं होतं. तोवर तिचं पोरगं शाळेत जायला लागलं होतं आणि मंडळीत ती आता दाराशी बसत नव्हती. म्हटलं, “खरं सांगा, त्या दिवशी नाव कोणत्या येसूचं घेतलं?”

ती मिरच्या निवडत होती. “तुमाले कायले पायजे, मास्तर?” ती म्हणाली. “ज्याचं घेतलं त्याले समजलं.”

माझ्या हाताखाली आता दोन तरुण कॅटेकिस्ट आहेत. उमेदवार पक्का तयार आहे, असं ते मला उत्साहाने सांगतात. मी त्यांना एवढंच विचारतो की, बायकोशी बोललात का. बहुतेक वेळा ते ताटाकडे पाहावं तसं जमिनीकडे पाहतात. मग मी त्यांना परत पाठवतो आणि सांगतो, तिथे भरीत खाऊ नका.