खड्ड्यातली बाळंतीण

रोज सकाळी मामा खताच्या ढिगात खुपसलेला लोखंडी गज उपसायचे आणि त्याचं टोक स्वतःच्या गालाला लावायचे. डोळे मिटलेले. मग समाधानानं सांगायचे, "अंगात ऊब हाय. चांगलंय."

शुक्रवार पेठेतल्या आमच्या सोसायटीचे ते वॉचमन. सांगोल्याकडचे, आधी मेंढरं राखलेले. घराघरातला ओला कचरा आणि आवारातल्या कडुनिंबाचा पाला मागच्या अंगणात, पत्र्याच्या आडोशातल्या खड्ड्यात कुजवून खत करायचं, ही कल्पना त्यांचीच. विरजणाला म्हणून त्यांनी गावाकडून मेंढरांच्या लेंड्यांचं पोतं आणलं होतं, तेही एस्टीत मांडीवर घेऊन.

मी सोसायटीची सेक्रेटरी. नुकतीच मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेली, वय अठ्ठावन्न, म्हणजे अगदीच कोवळं. अंगातून शाळा गेली नव्हती. वासाची कुरकुर कानावर आली आणि मी बैठकीत ठराव मांडला, खड्डा बुजवावा, तिथे गाड्या लावाव्यात.

मामा दारात उभे होते. म्हणाले, "मला सव्वा महिना द्या. वास ऱ्हायला तर मीच बुजवतो."

त्याच आठवड्यात मी तपासणीला गेले. पत्र्याचं दार ढकलते तोच मामांनी ते आतून धरलं. "हळू, बाई. बाळंतीण हाय हितं. वारं लागंल."

"कोण?"

"आपलीच हाय की. लई नाजूक हाय अजून."

फटीतून पोतं पांघरलेलं काहीतरी दिसलं. झालं, माझी खात्री पटली. यांनी गावाकडची भाची आणून ठेवलीय, आणि तीही कचऱ्याशेजारी. आधी मी मनात नोटिशीचा मसुदा केला. मग त्या न पाहिलेल्या बाळाचा विचार आला, आणि संध्याकाळी डिंकाचे लाडू घेऊन गेले.

मामांनी पोतं उचललं. खाली केळीची सालं, मेथीच्या काड्या, आणि मधोमध पापडासारखी उभी राहिलेली एक कडक भाकरी.

"सव्वा महिना हिला झाकून ठिवायची. ऊब मोडू द्यायची न्हाय," मामा म्हणाले. मग डब्याकडे बघून, "लाडू हिला पचत न्हाईत. मी खातो."

दुसऱ्या दिवसापासून जिन्यात जो भेटेल तो विचारू लागला, "काय बाई, बाळंतीण बरी आहे ना?" मुख्याध्यापिकेला हसतात म्हणजे काय. मामा दुपारी जेवायला बसलेले पाहून मी फिनेलची अख्खी बाटली त्या ढिगात ओतली. वासही जाईल आणि ढीगही, असा माझा दुहेरी हिशोब.

सकाळी मामांनी गज गालाला लावला. पुसून पुन्हा लावला. टोकाचा वास घेतला. "थंड पडली," एवढंच म्हणाले. दिवसभर फिनेल लागलेला थर घमेल्यानं उपसत होते. मी खिडकीतून बघत होते आणि पडद्यामागे सरकत होते.

मुदत संपली तेव्हा खत तयार नव्हतं. बैठकीत एकानं विचारलं, "काय झालं मामा?" मी वहीवर पेन टेकवून बसले होते.

"माझंच चुकलं," मामा म्हणाले. "पाणी जास्ती झालं. आणिक सव्वा महिना द्या."

मी तिथेच उठून खरं सांगितलं, असं लिहायला मला फार आवडलं असतं. उठले खरी. पण तोंडातून एवढंच निघालं, "देऊ या." शाळेत खोटं बोलणाऱ्या मुलींना मी बाकावर उभं करायची. त्या दिवशी मी उभी होते, आणि का ते मला एकटीलाच माहीत होतं.

मग रोज सकाळी पाला गोळा करायला मी जाऊ लागले. "वल्ल्यावर वाळलं टाका, बाई. उघडं ठिवलं की घाण येती," असं मामा मला पहिलीतल्या पोरीसारखं शिकवत. दुसऱ्या सव्वा महिन्यानंतर पोतं उचललं, तर खाली खत काळंभोर, भुसभुशीत. वास नांगरलेल्या रानाचा. खड्डा राहिला. मामांनी बारशासारख्या सगळ्या घरांत घुगऱ्या वाटल्या. माझ्या वाटीत जरा जास्तच होत्या.

पुढे गुडघ्यांनी दगा दिला म्हणून मामा गावी निघाले. रिक्षा दारात उभी, तेव्हा कुठे मला कंठ फुटला. "मामा, ते फिनेल..."

"म्हाईत हाय की. तुमच्या पदराला चार दिस वास हुता." वळकटी उचलता उचलता थांबले. "लाडू मातुर झ्याक हुते."

त्याला दोन वर्षं झाली. गज आता माझ्याकडे आहे. आज सकाळी गालाला लावून उभी होते, तर नवीन सेक्रेटरीणबाई दार सताड उघडून आत आल्या. हातात वही, कपाळाला आठ्या. डिट्टो मी.

"आजी, काय करताय?"

गज चांगला गरम होता. मी डोळे न उघडताच म्हटलं, "दार ओढून घे आधी. वारं लागंल."